पंचनाम्यावरची माझी सही

मंद्रूपच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हाची, दुष्काळातली गोष्ट. गावचा रेशन दुकानदार लोकांना ‘माल आला न्हाय’ म्हणून परत पाठवायचा आणि ज्वारीची पोती दुधनीच्या बाजारात विकायचा. सगळ्या गावाला ठाऊक. नवे फौजदार आले आणि त्यांनी भरबाजारात त्याचा ट्रक अडवला. पोत्यांवर सरकारी शिक्का. आता पंचनाम्याला दोन पंच हवेत. मघापर्यंत दुकानदाराला शिव्या घालणारे लोक एकदम भाजी निवडायला लागले. ‘आमी काय बी बगितलं न्हाय, साहेब.’ कोतवालानं कशीबशी सही केली. दुसरी मी केली. लोकांचा असा राग आला होता की पेन कागदात रुतलं.

खरं सांगायचं तर फौजदार मला आधीपासून आवडायचे. पोरांचं लक्ष जाऊ नये म्हणून ते शाळेपुढं फटफटी बंद करून ढकलत न्यायचे. सहीनंतर चार दिवसांनी शाळेत आले, दारातच उभे राहिले.

‘बाई, तुम्हाला एक विचारायचं होतं. पण तुमची साक्ष होईपर्यंत नाही विचारत. वकील विचारेल, यांचं तुमचं काय नातं? तेव्हा काही नाही, हे उत्तर खरं असलं पाहिजे.’

मी म्हटलं, बरं. कसलं बरं न् कसलं काय! सोलापूरच्या कोर्टात तीन वर्षं हेलपाटे घातले. एसटीनं जायचं, बाकावर बसायचं, आज वकील आजारी, उद्या जज्जसाहेब रजेवर. मध्येच फौजदारांची मंगळवेढ्याला बदली झाली. कोर्टात दिसले तरी नुसता नमस्कार. घरी आई स्थळं आणतेय, तिला मी काय सांगणार होते? लई वैताग आला होता मला, दुकानदाराचा, कोर्टाचा आणि या सरळमार्गी माणसाचाही.

कोतवाल साक्षीत उलटला. सगळी केस माझ्यावर आली.

दुकानदाराच्या वकिलानं विचारलं, ‘फौजदारांशी तुमचं नातं काय?’

‘काही नाही.’

इथंच गप्प बसायचं होतं. तो हसून म्हणाला, ‘उद्या त्यांनी लग्नाचं विचारलं तर?’

सरकारी वकील उठेपर्यंत मी बोलून गेले, ‘तर हो म्हणेन. तीन वर्षं त्याचीच वाट बघतेय.’

त्याच दुपारी दुकानदार सुटला. पंच फौजदारांच्या बाजूची, तिचा शब्द धरता येत नाही, असं निकालात आलं. बाहेर आल्यावर त्यानं पान चघळत मला हात जोडले. दुष्काळात लोकांच्या तोंडचं काढून खाल्लेला माणूस, आणि त्याला मीच सोडवलं. संतापानं मला रडूच फुटलं.

फौजदार जवळ आले. मी म्हटलं, ‘साहेब, केस मी बुडवली.’

‘बुडवलीत,’ ते म्हणाले. समजूत घालायचीही अक्कल नाही या माणसाला. मग टोपी काढून काखेत धरली.

‘आता विचारू?’

‘आता काय विचारताय,’ मी डोळे पुसत खेकसले, ‘कोर्टानं लिहून घेतलंय की.’