एका पानाचे चार ग्रॅम

शेवटच्या संध्याकाळी माझी पत्नी सुमती ओसरीवरच्या खुर्चीत बसून मला वाचून दाखवत होती. माझी दृष्टी मंदावल्यापासून हा आमचा नित्यनेम होता. दीड श्लोक झाला आणि तिने ग्रंथ मिटला. "आज येवढ्यार थांबया."

"तुझी श्रद्धाही दमली वाटते," मी म्हणालो. ती नुसती हसली. पहाटे ती गेली...

ग्रंथ माझाच, देवीस्तोत्रांचा मी लिहिलेला अर्थ. छापताना हट्टाने सर्वांत जाड, गुळगुळीत कागद निवडला होता. पवित्र शब्दाला भारदस्त आसन हवे, अशी माझी समजूत. "अहो, देव काय जाड कागदातच रवता?" सुमतीने तेव्हाच विचारले होते. मी तिला शब्दाचे माहात्म्य ऐकवले.

पुढे तिच्या बोटांचे सांधे सुजले. मांडी घालून बसणे सुटले, तसे पुढ्यात ग्रंथ ठेवायचे बुटके व्यासपीठही सुटले. ग्रंथ हातात धरणे आले. एके दिवशी पाहतो तर तिने त्याची पाठ सुरीने चिरून तीन भाग केलेले. मी संतापलो. "देवीचे अंग चिरलेस!" दुसऱ्या दिवशी हार ओवायच्या सुईदोऱ्याने तिने तिन्ही भाग पुन्हा एकत्र शिवले. तिला चूक उमगली, असे समजून मी प्रसन्न झालो. त्यानंतर वाचन मात्र रोज आखडत गेले...

तिच्या मासिक श्राद्धाला वाटण्यासाठी नव्या प्रती काढाव्यात, म्हणून मसुऱ्याहून मालवणच्या छापखान्यात गेलो. मालकांनी विचारले, "गुरुजी, कागद किती जीएसएमचो घालूया?" मला कळेना. "मीटरभर लांब, मीटरभर रुंद कागद तोललो की जितके ग्रॅम, तितको तो. तुमचो आधीचो एकशे अठ्ठावीसचो." तेवढ्या कागदातून माझ्या ग्रंथाची बत्तीस पाने निघतात, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे एका पानाचे चार ग्रॅम. माझी दोनशे पाने. आठशे ग्रॅम, पुठ्ठा वेगळा... बाकावर बसून हा गुणाकार केला आणि तिची सुजलेली बोटे आठवून मला मान वर करवेना.

"साठचो चलात?" त्यांनी विचारले. "चालेल," मी म्हणालो.

घरी येऊन सुमतीची प्रत घेतली. टाके बोटांनी चाचपले. फार घट्ट होते. ते कापायला कात्री आणली होती, पण कापवले नाहीत. आता रोज संध्याकाळी तिच्या खुर्चीत बसून तो ग्रंथ उघडून धरतो. अक्षरे दिसत नाहीत. हात भरून आले की मिटतो. दीड श्लोकाइतकाच वेळ होतो.