खांबाला बांधलेला पाय

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत मी कारकून होतो. तिथं गठ्ठे बांधणारा एक गडी दुपारी जेवण झालं की स्वतःचा पाय सुतळीनं खांबाला बांधून झोपायचा. त्याआधी आपली सुरी माझ्याकडे द्यायचा. मी कारण विचारलं, तेव्हा खाली बघत म्हणाला, "झोपंत उठून चालतोय म्या, अण्णा. एकदा बायकोच्या उशाशी सुरी घिऊन हुबा हुतो म्हणं. मला कायबी ठावं न्हाय."

तेव्हापासून बायको बोरगावला माहेरी होती.

एका दुपारी तो झोपेतच उठला. डोळे उघडे होते, पण नजर कुठंच नव्हती. सावकाश गाठ सोडून तो माझ्यासमोर आला आणि सुरीसाठी हात पुढं केला. मी सुरी मांडीखाली सारली, दंडाला धरून त्याला परत निजवलं.

जाग आल्यावर त्यानं रोजच्यासारखं विचारलं, "आज काय केलं का म्या?"

दुसऱ्या दिवशी बायको परत येणार होती. तरी मी खरं ते सांगितलं.

तो उठून वखारीबाहेर गेला. बोरगावच्या गाडीवानाला गाठून म्हणाला, "तिला सांग, इतक्यात येऊ नगं. वखारीत लई काम हाय म्हणावं."