मामाच्या फळीचा छाप

माझ्या लाकडी छापांच्या यादीत दहा छाप आहेत, फाइलीत मात्र नऊच कागद. प्रदर्शनवाले विचारतात, दहावा कुठाय? मी सांगते, भिजला. खोटं बोलते.

आमच्या वारली पाड्यात माणूस गेलं की सागाच्या फळीवर त्याचा घोडेस्वार कोरतात, वर सूर्य-चंद्र, आणि फळी जांभळाखालच्या रांगेत रोवतात. सगळ्या घोड्यांचं तोंड डोंगराकडे, घराकडे पाठ. गेलेल्यानं मागे बघायचं नाही. साऱ्या फळ्या मामाच्या हातच्या, आमच्या पडवीत बसून कोरलेल्या. पटाशी धरायला मी त्याच्याकडूनच शिकले. पुढे बोईसरच्या खोलीत त्याच घोड्यांचे छाप काढून मी म्हणे मोठी कलाकार झाले!

मामा गेला आणि त्याची फळी कोरायला कुणी उरलं नाही. आई रोज दुपारी फोन करायची. "पडवीत पटाशी वाजते गं. टक टक. तो आजून गेला नाय. तू कोर, वाटेला लाव त्याला."

"सुतारपक्षी असेल," मी खेकसायचे. मग एका रविवारी गेले आणि भर दुपारी मीही ऐकलं.

आठ दिवस खपून फळी कोरली. खात्री करायला तिच्यावर शाई लावून एक छाप काढला. घोडा बरोब्बर डोंगराकडे. फळी पुसली, कापडात गुंडाळून नेली, रोवली, नारळ फोडला. आईनं कापड सोडलं आणि ती तिथेच मटकन बसली.

घोडा घराकडे येत होता.

छाप उलटा उमटतो, म्हणून इतकी वर्षं मी लाकूड उलटं कोरत आले. हातानं सवयीनं तेच केलं, आणि मी मूर्ख, लाकूड सोडून कागद तपासला! रोवलेली फळी आमच्यात उपटत नाहीत. मला रडू आवरेना.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "त्याला यायचंच होतं." संध्याकाळी तिनं पडवीत एक ताट जास्त वाढलं.

तिला बरं वाटावं म्हणून मी छाप पुढे केला. "हे बघ, यात बरोबर जातोय." तिनं तो माझ्या हातातून ओढूनच घेतला.

"हा कोणाला दाखवू नको. यात माजा भाऊ जातो."

तो कागद तिच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी आहे. दुपारचा तिचा फोन अजून येतो. इकडचं-तिकडचं बोलून ती ठेवायला लागते, तेव्हा मीच घाईघाईनं विचारते, "आई, आज वाजतंय ना?"