सामाजी रोहेकरांचा वाकडा पंख

सामाजी रोहेकरांसारखा सुतार पेणमध्ये दुसरा झाला नाही, असं लोक म्हणतात. मीही म्हणतो. शेजारी आहे, म्हणावं लागतं. वाडवडिलांचा तेलाचा घाणा रोह्याला, म्हणून आडनाव रोहेकर. पण हे गृहस्थ तरुणपणी रंधा घेऊन पेणला आले ते रामवाडीतच रुजले. अर्ध्या पेणची दारं त्यांनी बसवलेली. त्यांचं दार पावसाळ्यात फुगत नाही की उन्हाळ्यात कुरकुरत नाही. अशा माणसाला हातभर लांबीचा एक पंख तीन पावसाळे गेले तरी सरळ करता आला नाही, हे तुम्हाला पटतं का? रामवाडीला पटलं होतं. रामवाडीला काहीही पटतं.

पंख खेळण्यातल्या विमानाचा. रोहेकर म्हणजे आमच्याकडचे बेने इस्राएल, शनिवार पाळणारे ज्यू. स्वातंत्र्यानंतर त्यांचे भाईबंद एकेक करून इस्राएलला निघून गेले. यांची एकुलती एक मुलगी मिरियम, तीही लग्न करून तिकडे गेली. तिचा नवरा विमानाच्या कारखान्यात. म्हातारपणी सासऱ्याच्या हाताला चाळा हवा म्हणून त्याने एक खोका पाठवून दिला. आत कापसासारख्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पातळ कागद आणि नकाशा. जावई मोठा गुणाचा. आपण काय करून बसलो हे त्या बिचाऱ्याला अजूनही कळलेलं नाही.

कारण त्याच सुमारास सामाजीभाऊ आणि हन्नावहिनी यांचेही जायचे कागद तयार होऊन आले होते. वहिनींनी विचारलं, कधी निघायचं? भाऊंनी खोका मांडीवर ओढला.

"येवढं इमान पुरं करतो. उडालं की निघालो. अर्धं टाकून गेलो तर जावयाला काय तोंड दाखवू?"

कारण इतकं सोज्वळ होतं की वहिनींना नाही म्हणता येईना.

विमानाचं धड आणि शेपटी महिन्याभरात तयार झाली, राहिला पंख. त्याचंही काम तसं अवघड नाही. सपाट फळीवर नकाशा अंथरायचा, त्यावर पातळ फासळ्या टाचण्यांनी उभ्या करायच्या, सांधे चिकटवायचे आणि वाळेपर्यंत हात मागे बांधून बसायचं. ओला असताना उचललात की पिळवटलाच. फळी माझी होती. माझा गणपतीचा कारखाना, मूर्ती वाळवायच्या फळ्या माझ्याकडे ढीगभर, त्यातली सगळ्यात सपाट फळी भाऊ स्वतः निवडून घेऊन गेले. पुढे पंख वाकडा आला तेव्हा पहिला दोष त्याच फळीला लागला. मग डिंकाला, मग खाडीवरून येणाऱ्या दमट हवेला, मग परदेशी लाकडाला. "आपल्या हवेत त्याला करमत नाय, बाबाजी," असंही एकदा मला सांगून झालं. जणू लाकूडच घरी जायला रडत होतं.

खरं कारण मी खिडकीतून पाहत होतो. पंख फळीवर छान निजलेला असे. भाऊ दोन घटका बसत, मग उठत. "बघू तरी, सरळ हाय का" म्हणत टाचण्या काढत आणि ओला पंख उजेडाकडे धरत. पंख त्यांच्या डोळ्यांदेखत पिळवटे. भाऊ मान हलवत, उसासा टाकत आणि इतक्या प्रसन्न चेहऱ्याने जेवायला बसत की काय सांगू! जावयाकडून नव्या पट्ट्या येत. वहिनी पुन्हा थांबत. गणपती येऊन जात.

हे मला दिसत होतं तर शेजारी बसून वाल सोलणाऱ्या बाईला दिसत नसेल? पण हन्नावहिनी बोलणाऱ्यातल्या नव्हेत. त्या बघत होत्या. इतकी वर्षं बघून त्यांना पंख कसा करतात ते पाठ झालं होतं.

एका शुक्रवारी दुपारी त्या फळीपाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "आज मी लावते. तुमचे हात कापतात हल्ली." भाऊंचे हात अजिबात कापत नव्हते. पण तसं म्हणावं तर इतके दिवस पंख कशाने बिघडत होता, हे सांगावं लागलं असतं. ते बाजूला सरकले. वहिनींनी एकेक फासळी उभी केली, सांधे भरले, टाचण्या मारल्या. काम झालं तेव्हा दिवस मावळायला अजून अवकाश होता. मी फळी परत मागायच्या निमित्ताने ओट्यावर उभा होतो, मला काहीतरी घडणार असं वाटतच होतं.

"बघू तरी, सरळ हाय का," भाऊ म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

वहिनींनी शनवाराचा दिवा लावला.

त्यांचा शनिवार शुक्रवारी सांजेच्या दिव्यापासूनच लागतो, आणि दिवा लागला की काम बंद. भाऊंनी उभ्या आयुष्यात शनिवारी हत्याराला हात लावला नव्हता. पुढे केलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी त्याने डोकं खाजवलं.

शनिवारभर ते फळीभोवती घिरट्या घालत होते. नुसतं बघायला बंदी नव्हती, म्हणून बघत होते. रात्री चांदण्या दिसून शनिवार सुटला, तेव्हा टाचण्या निघाल्या. भाऊंनी दोरा लावला, एक डोळा मिटून पाहिलं, पंख उलटा करून पाहिला. इतक्या आशेने दोष शोधणारा माणूस मी पाहिला नाही. पंख सरळ होता. पुढच्या शुक्रवारी त्यावरचा कागदही तसाच चढला, तोही वेळेआधी दिवा लावून.

"पेणच्या हवेत वाकंल तो," भाऊ शनिवारी रात्री म्हणाले.

"मग उद्याच उडवा," वहिनी म्हणाल्या.

रविवारी सकाळी गडबच्या रस्त्याला माझ्या मेहुण्याच्या शेतात आम्ही गेलो. भात कापून झालं होतं, वाल उभा होता. माझी बायको सगुणाही आली, फुकटचा तमाशा ती सोडत नाही. भाऊंनी विमान हातातून सोडलं. नाइलाजाने का होईना, पण नीट सोडलं, हात सुताराचाच ना! ते बांधावरून तरंगत गेलं, जराही न कलता वालाच्या पलीकडे अलगद टेकलं. सगुणाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या आणि मग भाऊंचं तोंड बघून थांबलो.

"मला नाय जायचं," भाऊ म्हणाले. "तिकडं मला कोण वळखतं? हितं दर गल्लीत माझं दार हाय. मी मरंन तर हितंच."

वहिनी त्यांच्याकडे वळल्या.

"मग हे आधी का नाय बोललात?" त्या म्हणाल्या. "जायचंय म्हणून मी लोणचं घातलं नाय. कौलं शाकारली नाय. ह्या सगुणाला माझा पाटा देऊन टाकला, आन् रोज तिच्याच दारात जाऊन वाटण वाटते. तुम्ही नाय म्हटलं असतंत तर मी भांडले असते, रडले असते, आन् ऱ्हायलेही असते. तुम्ही मला नुसतं बसवून ठेवलंत."

सगुणाने मान खाली घातली. भाऊंचा मला त्या क्षणी भयंकर राग आला, आणि कीवही आली.

"मिरियमला दिवस गेलेत. मी जाते," वहिनी म्हणाल्या. "तुमचं मन झालं तर या. नाय झालं तर ऱ्हावा. पण आता मला थांबवू नका." आणि त्या बांधावरून रस्त्याकडे चालू लागल्या.

"जाईल व्हय ती, बाबाजी?" भाऊंनी मला विचारलं.

"जातील," मी म्हणालो. "पण विमान छान उडालं."

पावसाच्या आधी वहिनी गेल्या. पेणच्या एसटी स्टँडवर भाऊंनी त्यांची ट्रंक स्वतः टपावर चढवली आणि गाडी हलेपर्यंत कंडक्टरशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. ते अजून रामवाडीतच आहेत. वहिनी येत नाहीत आणि हे जात नाहीत. नातू झाला, तो बोलू लागला, असं कळतं. जावई अजूनही खोके पाठवतो, भाऊ माझ्याकडून फळी नेतात आणि आठवड्यात विमान पुरं करून आढ्याला टांगतात. मध्ये एकदाही टाचणी काढून बघत नाहीत. पंख पहिल्याच खेपेला सरळ येतात. ते वाकडे करायचं आता काही कारण राहिलेलं नाही.