पायात कडं असलेला चिखल्या

आज लिहिणं भागच आहे, कारण आठवडाभर या ई-मेल ग्रुपवर नुसते विनोद येताहेत आणि माझ्याकडे खरी बातमी आहे!

सकाळी नायगावच्या मिठागरात तिथे काम करणाऱ्या मथुराबाईंच्या मासळीच्या जाळ्यात एक चिखल्या, चिखलात किडे टिपणारा छोटा पक्षी, अडकला. पायात धातूचं कडं, त्यावर आकडे! इतकी वर्षं पक्षी बघते, पण असं कडं प्रथमच पाहिलं. आकडे लगेच वहीत उतरवले.

मथुराबाई म्हणाल्या, “बाय, कडं तू घे, पाखरू मना दे. कालवन करीन.”

“कडं पायातच हवं. त्यावरूनच कळतं, तो कुठून कुठे जातो.”

“म्हंजे याचा पन पास हाय?” त्या हसल्या आणि त्यांनीच त्याला जाळ्यातून सोडवून उडवून दिलं.

दुपारी पक्षी-अभ्यासकांच्या संस्थेकडे सुपूर्द: कड्यावरचे आकडे, ठिकाण, वेळ. शोधणाऱ्याच्या रकान्यात नाव: मथुराबाई, मिठागर कामगार.