लेडीज : रिलॅक्स प्लस फूड

राग गिळावा म्हणतात. आम्हा तिघींना ते कधी जमलं नाही, आम्ही तो सांगत बसतो! कुणाकडे हळदीकुंकू असो की पोरांचा बर्थडे, एकीने नुसतं "ती तळ्यावरची केबिन..." एवढं म्हटलं की पुढचे दोन तास गेलेच म्हणून समजा. दर वेळी वाटतं, आता सगळं सांगून झालं. आणि दर वेळी एक जण म्हणतेच, "अगं, ते राहिलंच की!"

तिघी म्हणजे मी वैशाली, अनघा आणि सोनल. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायचो. तिघींचेही नवरे आयटीत. तिथून तीन तासांवर डोंगरात एक मोठं तळं आहे. हिवाळ्यात ते पूर्ण गोठतं आणि शेजारच्या डोंगरावर स्कीइंग चालतं. दर फेब्रुवारीत लाँग वीकएंडला आम्ही तिथे एक केबिन भाड्याने घ्यायचो.

मी नागपूरला इंजिनियरिंग कॉलेजमध्ये शिकवत होते. लग्न करून प्रशांतबरोबर इथे आले ती डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरीला सक्त मनाई. सोनलचंही तेच. अनघा मात्र सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची, सकाळी साडेसातला घराबाहेर. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण 'तुम्ही काय, घरीच असता' हे वाक्य तिला तरी लागू नव्हतं. तरीही ऐकावं लागायचंच!

* * *

पहिल्या वर्षी, २००३ साली, अनघाच्या नवऱ्याने ट्रिपची एक्सेल शीट मेल केली. मिलिंद पुण्याचा. त्याला प्लॅनिंगचं वेड. दूध आणायचं तरी त्याची शीट! रंगीत रकाने, तीन दिवसांचे तीन कॉलम. 'मिलिंद, प्रशांत, शिरीष' यांच्यापुढे : स्कीइंग, स्नोमोबील, परत स्कीइंग. 'किड्स'पुढे : ट्यूबिंग, म्हणजे रबरी ट्यूबवर बसून बर्फावरून घसरायचं, आणि स्नोमॅन. शेवटची ओळ आमची. तिन्ही दिवसांचे चौकोन एकत्र करून त्यात एकच मजकूर : 'लेडीज : रिलॅक्स + फूड'.

अनघाने ऑफिसमधून फोन केला. "वैशाली, शीट बघितलीस? आपली नावंसुद्धा नाहीत गं त्यात!"

मी प्रशांतला विचारलं. तो म्हणाला, "अगं, तुम्हाला थंडी सोसत नाही म्हणून." मला थंडी सोसत नाही, हे मलाच माहीत नव्हतं!

आता रिलॅक्स कसं झालं ते ऐका. व्हॅनमध्ये दोन कुकर, पोळपाट-लाटणं, कणकेची अख्खी बॅग. सकाळी पोहे, दुपारी डोंगराच्या पायथ्याशी नेऊन द्यायला पोळीचे रोल आणि थर्मासभर चहा, संध्याकाळी "थंडीत भजी पाहिजेत यार!" म्हणून भजी, मग जेवण. गोठलेलं तळं फार सुंदर दिसत होतं. आम्ही ते तीन दिवस मन भरून पाहिलं, कारण खिडकी नेमकी सिंकच्या वर होती!

निघताना मिलिंद आळस देत म्हणाला, "काय मग लेडीज, बॅटऱ्या चार्ज झाल्या की नाही?"

सोनलच्या हातात कुकर होता. नशीब मिलिंदचं, दोघांच्या मध्ये किचनचा काउंटर होता!

* * *

त्याच ट्रिपमधली गोष्ट. प्रशांत स्कीइंगला जीन्स घालून निघाला.

मी म्हटलं, "स्नो पँट भाड्याने मिळते. घे मुकाट्याने."

"मी नागपूरचा आहे बाप्पा! सेहेचाळीस डिग्रीत क्रिकेट खेळलोय. मला काय होतं?"

"अरे, ते सेहेचाळीस शून्याच्या वरचे होते!"

ऐकतोय कोण. दोन तासांनी परत आला तो कंबरेपर्यंत भिजून, पाय फाकवून, एकेक पाऊल टाकत. जीन्स त्याच्या अंगावरच कडक व्हायला लागलेली. ती काढायला एका पायाला मी आणि दुसऱ्या पायाला शिरीष लागलो. मग मी गरम तेलाने त्याचे पाय चोळत बसले, आणि हा फोनवर नागपूरला सांगतोय, "हो बाबा, स्कीइंग केलं ना! एकदम सोपं आहे!"

ती जीन्स मी बाहेर डेकवर कठड्याला लावून ठेवली होती. सकाळी बघते तर गोठून लाकूड झालेली. कठड्यापासून बाजूला केली तरी आपली उभीच!

मी प्रशांतला हाक मारून बाहेर बोलावलं. म्हटलं, "काल तू दहा फूटसुद्धा उभा राहिला नाहीस. ही बघ, रात्रभर उभी आहे!"

दुपारपर्यंत बोलला नाही माझ्याशी. पोहे मात्र दोनदा घेतले.

* * *

शिरीष म्हणजे सोनलचा नवरा, ठाण्याचा. पुढच्या वर्षी स्की भाड्याने घेताना दुकानातल्या पोरीने एक फॉर्म भरायला दिला. त्यात वजन खरं लिहायचं असतं, कारण त्यावरून बुटाची पकड सैल-घट्ट करतात. माणूस पडला की स्की आपोआप सुटावी, पाय मोडू नये, म्हणून.

शिरीषने तीस पौंड कमी लिहिले.

सोनल मागेच उभी होती. "अरे, खरं लिही! पाय तुझाच आहे."

"तू मध्ये बोलू नकोस. लोक ऐकतात."

"त्यांना मराठी कुठे येतंय?"

व्हायचं तेच झालं. पकड इतकी सैल, की प्रत्येक वळणावर हा एका दिशेला आणि स्की दुसऱ्या दिशेला. एकदा तर त्याची स्की त्याच्या आधी खाली पोहोचली, एकटी! संध्याकाळी त्याने केबिनमध्ये येऊन सगळ्यांना सांगितलं, की तिथलं सामानच बोगस आहे, कंप्लेंट करायला पाहिजे.

सोनलने भज्यांचा झारा खाली ठेवला. म्हणाली, "लग्नाच्या वेळी उंची दोन इंच जास्त सांगितलीस, मी काही बोलले नाही. आता वजन खोटं सांगून त्या बिचाऱ्या पोरीच्या दुकानाला नावं ठेवतोस?"

कंप्लेंट कॅन्सल झाली.

* * *

हा किस्सा माझा. हसू येत नाही मला यावर अजून, तरी सांगते.

तिसऱ्या वर्षी प्रशांतने नवा डिजिटल कॅमेरा घेतला आणि माझ्या गळ्यात अडकवला. "वैशाली फोटो झकास काढते!" मी खूश. मग कळलं, की डोंगराच्या पायथ्याशी दिवसभर उभं राहायचं. हातमोजे घातले की बटण दाबता येत नाही, म्हणून उजवा हात उघडा. शिरीष खाली यायचा, फोटो बघायचा. "यार, हा हललाय! थांब हं, परत वर जाऊन येतो." हा लिफ्टने वर जाऊन खाली येईपर्यंत मी बोटं काखेत धरून उभी!

रात्री निवडून निवडून फोटो नागपूरला मेल केले. दोन दिवसांनी आईचा फोन.

"फोटो मस्त आलेत गं. प्रशांतराव किती छान दिसतात! पण तुझी तब्येत बरी नव्हती का?"

"का गं?"

"नाही... तू गेली नव्हतीस ना."

मी सगळे फोटो परत पाहिले. एकशे चाळीस फोटो. एकात माझी सावली होती बर्फावर.

प्रशांतशी मी दोन दिवस एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो जवळ आला, थोडा घुटमळला. मला वाटलं, चला, कळलं वाटतं!

म्हणाला, "अगं, ते फोटो सीडीवर टाकलेस का?"

* * *

चौथ्या वर्षी माझी मुलगी रिया सात वर्षांची होती. शुक्रवारी संध्याकाळी केबिनवर पोहोचलो, मी कणीक भिजवायला घेतली. ती स्टुलावर बसून बघत होती. एकदम म्हणाली, "मम्मा, आर मॉम्स नॉट अलाउड ऑन द स्नो?"

अगदी साधा प्रश्न. उत्तर ऐकायला थांबलीसुद्धा होती. मी अनघाकडे बघितलं, अनघाने सोनलकडे. अनघाने जाऊन हात धुतले, टॉवेलला पुसले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन जाहीर केलं, "उद्या पोरं किड्सच्या क्लासला. आम्ही तिघी बिगिनर्सच्या लेसनला. डाळ-तांदूळ ओट्यावर आहेत."

शिरीष म्हणाला, "आणि आमचं लंच?"

"शीटमध्ये टाका," अनघा म्हणाली.

शिकवायला एक पांढऱ्या केसांची बाई होती, सासूच्या वयाची, पण कण्यात कसला ताठपणा! ब्रेक लावायचा तर दोन्ही स्कीची टोकं समोर जुळवायची, म्हणजे त्रिकोण होतो. त्याला ती 'पिझ्झा' म्हणायची. आम्ही उतारावर सुटलो की मागून ओरडायची, "पिझ्झा! पिझ्झा!"

सोनल बर्फात उताणी पडल्या पडल्या म्हणाली, "तीन वर्षांनी किचनमधून सुटले, तर इथेही खायलाच मागतायत!"

मी अकरा वेळा पडले. बाराव्या वेळी वरून खालपर्यंत उभ्याने आले. लहान पोरांचा उतार तो, फार तर शाळेच्या मैदानाएवढा. पण खाली थांबले आणि मला रडूच कोसळलं. त्या बाईने येऊन माझ्या हेल्मेटवर दोनदा टप टप केलं आणि पुढच्याकडे गेली.

केबिनवर परतलो, तर दारात आगीचा बंब! आमचे तिघेही वीर बाहेर बर्फात, नुसत्या मोज्यांवर. मिलिंदने खिचडीची फोडणी गॅसवर ठेवली आणि मॅच बघायला गेला. तेल पेटायला आलं, घरभर धूर, अलार्म. एक धिप्पाड फायरमन शिरीषला विचारत होता, नेमकं काय जळत होतं म्हणून. शिरीष मान खाली घालून म्हणाला, "खिचडी." फायरमन वहीत स्पेलिंग लिहून घेत होता!

आम्हाला बघताच मिलिंद उसळला. "तुम्ही गेलात म्हणून झालं हे!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अनघा म्हणाली, अगदी शांतपणे, "मिलिंद, तीन वर्षं आम्ही इथे रांधतोय. बंब एकदाही आला नाही."

* * *

आणि शेवटी काकूंचा किस्सा. काकू म्हणजे मिलिंदची आई, सांगलीच्या. २००७ साली अमेरिकेत आल्या होत्या, म्हणून केबिनवरही आल्या.

आम्ही तिघी धास्तावलेल्या. काकू कडक शाकाहारी. अनघाच्या फ्रिजमध्ये अंडं चालायचं नाही, बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरंसुद्धा वाचून दाखवायला लागायची. त्यात पहिल्याच दिवशी आम्ही बूट घालून निघालो तेव्हा त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या. अनघा दिवसभर त्या 'हं'चा अर्थ लावत होती.

रविवारी सगळेच बाहेर जाणार होतो. मिलिंदने निघताना फ्रिजवर कागद चिकटवला. दार उघडू नये. गॅस लावू नये. डेकवर जाऊ नये, बर्फ घसरडा आहे. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला! वर म्हणतो, "आई, तू फक्त हिटरजवळ बसून राहा. काही लागलं तर मोबाईल आहे."

काकू म्हणाल्या, "बरं."

दुपारी तीनला परतलो. हिटरजवळ खुर्ची होती, खुर्चीवर जपमाळ होती. काकू नव्हत्या!

बाथरूम पाहिलं, बेडरूम पाहिल्या, कपाटंसुद्धा पाहिली. मोबाईल टेबलावरच. मिलिंदचे बर्फातले मोठे बूट दाराशी असायचे, ते नव्हते. डेकच्या पायऱ्यांवरून ठसे उतरले होते, सरळ तळ्याकडे.

मिलिंद पांढरा पडला. पळत सुटला. आम्ही मागोमाग. तळ्यावर ठिकठिकाणी लोक बर्फाला भोकं पाडून, बादल्या पालथ्या घालून गळ टाकून बसलेले. खूप लांब, जवळजवळ मध्यावर, एक भगवी माकडटोपी दिसली. मिलिंद "आई! आई!" ओरडत धावला, दोनदा आडवा झाला, उठला, परत धावला. मला तर त्याची दयाच आली.

काकू एका पालथ्या बादलीवर बसल्या होत्या. नऊवारीचा घोळ मिलिंदच्या बुटांत कोंबलेला. शेजारच्या बादलीवर त्यांच्याच वयाची एक अमेरिकन आजी, थर्मासच्या झाकणातून काहीतरी पीत. तिला मराठी येत नव्हतं, काकूंना इंग्रजी बोलायची सवय नव्हती. काकूंच्या दोन्ही हातांत एक आखूड गळ होता आणि नजर भोकातल्या काळ्या पाण्यावर.

"आई!" मिलिंदला धाप लागली होती. "कुणाला विचारून आलीस तू? बर्फ फुटला असता तर? आणि हे... हे काय करतेयस?"

काकूंनी मान वर केली नाही.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "पळेल तो."