काळे दिसणारे लाल मोजे

मोज्यांच्या रंगावरून मी तीन आठवडे भांडले असं सांगितलं, तर आमचे नागपूरचे लोक म्हणतील, हिला अमेरिकेत दुसरं काम उरलं नाही वाटतं. खरंच उरलं नव्हतं. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीतून मी नुकतीच रिटायर झाले होते, पण दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय काही रिटायर होत नव्हती. ॲन आर्बरच्या घरात ती सगळी नवऱ्याच्या भाजी चिरण्यावर निघायची. शेवटी त्यानेच हात जोडले. "बाई गं, बाहेर काहीतरी शोध."

ते समोरच्याच घरात सापडलं. तिथे शहाऐंशी वर्षांच्या एक अमेरिकन आजी राहतात. त्यांचे आजोबा तरुणपणी इथून तासाभरावरच्या एका गावाच्या बेसबॉल टीममध्ये होते. पगार घेऊन खेळणाऱ्या अगदी सुरुवातीच्या टीम्सपैकी ती एक. दोन उन्हाळे चालली आणि बंद पडली. आता त्या गावच्या छोट्याशा म्युझियमला तिचा युनिफॉर्म जसाच्या तसा शिवून काचेच्या कपाटात ठेवायचा होता. मला शिवण येतं, म्हणून आजींनी माझं नाव सुचवलं आणि मी लगेच हो म्हटलं.

कपड्यांनी फार छळलं नाही. लोकरी फ्लॅनेलचा कॉलरवाला शर्ट, छातीवर बटणांनी लावायचा वेगळा तुकडा, त्यावर गावाचं पहिलं अक्षर, आणि गुडघ्याखाली आवळलेली विजार. भर उन्हाळ्यात हे घालून पळायचे म्हणजे धन्य त्यांची! आजींकडच्या एका जुन्या फोटोत सगळं स्वच्छ दिसत होतं. पट्टा पांढरा, मोजे काळे. मी काळी लोकर मागवणार, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "काळे नाही, लाल. आणि पट्टा निळा."

"कोण म्हणतं?" मी विचारलं.

"आजोबा म्हणायचे."

मग पुढचं सगळं बाहेर आलं. म्हातारपणी आजोबा संध्याकाळी व्हरांड्यात बसून नातवंडांना त्या लाल मोज्यांच्या गोष्टी सांगायचे. एके दिवशी आजींच्या मोठ्या भावाने, वय वर्षं बारा, हाच फोटो आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि तोंडावर म्हणाला, "खोटं बोलता तुम्ही. हे बघा, काळे आहेत." आजोबा गप्प झाले ते कायमचे. बेसबॉलबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही, आणि पुढच्याच वर्षी गेले. "मी आठ वर्षांची होते," आजी म्हणाल्या. "माझा एकटीचा विश्वास होता. पण तसं मी त्यांना कधी बोललेच नाही." 

म्युझियम चालवणाऱ्या बाईंना मी लाल मोज्यांचं सांगून पाहिलं, पण त्या ढिम्म हलेनात. म्हणे, फोटो हा पुरावा, आठवण हा पुरावा नव्हे. मला असा राग आला! जास्त राग याचा, की त्यांच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. घरी येऊन लेकीला सांगितलं तर ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, लिटरली नोबडी केअर्स अबाउट सॉक्स." मी तणतणत फडकं उचललं आणि हॉलमधल्या फोटोंवरची धूळ पुसायला लागले.

तिथे माझ्या आजेसासूबाईंचा तरुणपणचा फोटो आहे. नऊवारी, नथ, कपाळावर भलं मोठं कुंकू. काच पुसता पुसता माझा हात थांबला. कुंकू काळं होतं! इतकी वर्षं हा फोटो भिंतीवर आहे, घरात पाऊल ठेवणारा प्रत्येक मराठी माणूस त्याला नमस्कार करतो, आणि या बाईने काळं कुंकू का लावलंय, असा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. पडणार कसा? ते लाल आहे हे आम्हाला ठाऊकच असतं. "अगंबाई!" मी इतक्या जोरात ओरडले की नवरा हातातल्या सुरीसकट धावत आला.

मग मी वाचायला बसले. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मऐवजी रसायन लावलेली काच असायची; तिच्यावर लाल रंग जवळजवळ काळा उमटायचा, आणि निळा अगदी फिकट, पांढऱ्यासारखा. मोजे आणि पट्टा, दोन्ही बसत होतं! पण माझ्यातली टेस्टर कुठली गप्प बसते. लाल असू शकतात, म्हणजे लाल होतेच असं नाही, हे मलाही कळत होतं. त्या काळच्या कुणीतरी ते लिहून ठेवलेलं मिळायला हवं होतं.

युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत त्या गावच्या जुन्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म होती, म्हणजे पानांचे बारीक फोटो काढलेली रिळं. आजी रोज माझ्याबरोबर बसने यायच्या. मी मशीनचं चाक फिरवायची, त्या भिंग घेऊन वाचायच्या. डुकरांचे भाव, चर्चमधली जेवणं, आगी. दुसऱ्या दिवशी माझं डोकं गरगरायला लागलं, त्या मात्र ताठ. तिसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या मॅचची बातमी सापडली. बातमीदार कपड्यांचा शौकीन असावा, कारण कोण जिंकलं हे सांगायच्या आधी त्याने पोशाखाचं वर्णन केलं होतं. पांढरा फ्लॅनेल, निळा पट्टा, लाल मोजे. आजींनी त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं आणि जिथे खोकायचीही चोरी, तिथे मला गदागदा हलवून हसायला लागल्या. मी रडत होते. काय करणार, स्वभाव!

घरी येताच त्यांनी ओहायोतल्या भावाला फोन लावला. तो आता नव्वद वर्षांचा. "लाल होते," आजी एवढंच बोलल्या.  पलीकडून त्याने विचारलं, "ते म्युझियम शनिवारी उघडं असतं का?"

मोजे विणून कपाटात लागले, त्या शनिवारी त्याच्या मुलाने त्याला गाडीतून आणलं. वॉकर ढकलत तो कपाटापुढे आला. आत मोजे होते, मी स्वतः लोकर निवडून विणलेले, चांगले लालभडक. म्युझियमच्या बाईंनी शेजारी बातमीची प्रत लावली होती, पण त्याने ती वाचलीच नाही. तो नुसता मोज्यांकडे बघत राहिला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि पुटपुटला, "सॉरी, ग्रँडपा."

आजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मोठ्याने म्हण," त्या म्हणाल्या. "त्यांना कमी ऐकू यायचं."